कंसाच्या जागी नऊ

बाळ सात महिन्यांचं झालं तशी रुचीनं पुन्हा शिकवायला सुरुवात केली. आधी ती जुन्या जालन्यातल्या एका संगणक वर्गात जाऊन शिकवायची. आता वर्गवाल्यांनी बाहेरगावच्या लोकांसाठी घरबसल्या शिकायची तुकडी काढली आणि ती तिच्याकडे सोपवली. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर तिचं घर. खिडकी उघडी राहिली की ऑटोंचे हॉर्न आणि गठ्ठे उतरवणाऱ्या हमालांची हाकाटी तासात घुसायची, म्हणून खिडकी लावून, पंखा मोठा करून ती बसायची. दुपारी तीनला तास सुरू व्हायचा, चारला संपायचा. त्यानंतर तिनं दिलेला सराव विद्यार्थ्यांनी संध्याकाळी सहाच्या आत लिहून पाठवायचा. बाळ तेवढा वेळ सासूबाईंकडे, म्हणजे चंदनबाईंकडे असायचं.

तुकडीत पंधरा जण होते. बहुतेक कॉलेजातली पोरं, दोन-तीन घर सांभाळणाऱ्या बाया, आणि शहागडचा मच्छिंद्र. त्याचं वय छत्तीस. त्याच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी कोरडवाहू जमीन होती. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपण का शिकतोय ते सांगितलं, तेव्हा बाकीचे नोकरीचं बोलले. मच्छिंद्र म्हणाला होता की, हायवेला एक वजनकाटा आहे, ट्रक त्याच्यावर उभा राहिला की आत पडद्यावर वजन उमटतं, ते आतून कसं होतं ते बघायचंय. पोरं हसली होती, पण रुचीला ते उत्तर आवडलं होतं.

त्याचा कॅमेरा कायम बंद असे. नुसता आवाज, आणि आवाजामागे हायवेवरचे ट्रक. पण लक्ष पक्कं. पहिला दीड महिना त्याचा सराव तपासायला रुचीला पाच मिनिटंही लागायची नाहीत. कंस जागच्या जागी, चिन्हं जागच्या जागी. ती तुकडीला सांगायची की संगणक माणसासारखा समजून घेत नाही, एक कंस राहिला तरी तो अडून बसतो. लिहिणं कसं असावं ते मच्छिंद्रचं बघा.

दिवाळीनंतर मात्र काय झालं कोण जाणे. त्याचा सराव एकदम बिघडला.

साधा कॅल्क्युलेटर लिहायचा होता. दोन आकडे विचारायचे, बेरीज करायची की वजाबाकी, गुणाकार की भागाकार ते विचारायचं आणि उत्तर दाखवायचं. शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रोग्रॅम लिहितो. पहिल्या वेळी तो कुणाचाच धड चालत नाही, लाल अक्षरांत सिंटॅक्स एरर येते, म्हणजे संगणकाच्या व्याकरणात चूक. त्यात नवल नव्हतं. पण मच्छिंद्रच्या वीस ओळींत रुचीला चाळीसच्या वर चुका सापडल्या. कंस नव्हतेच. ओळीच्या शेवटी दोन टिंबं हवीत तिथं टिंब आणि स्वल्पविराम. बेरजेच्या जागी बरोबरचं चिन्ह, गुणाकाराच्या जागी आठाचा आकडा. आणि मधूनमधून कारण नसताना नऊ आणि शून्य पेरलेले.

तिनं चुकांवर खुणा करून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रात्रभर बाळानं झोपू दिलेलं नव्हतं, आणि तिला राग यायला लागला. ज्याला दीड महिना एक कंस चुकत नव्हता, त्याला आता एकही जमू नये, याचा तिला एकच अर्थ दिसत होता.

गुरुवारच्या तासाला तिनं त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना दिसेल असा पडद्यावर लावला. नाव झाकायचं तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं झाकलं नाही. पुढे ती स्वतःला हेच विचारत राहिली. पडद्याच्या कडेनं पोरांनी पाठवलेली हसऱ्या तोंडांची चित्रं तरंगत वर गेली. रुचीनं विचारलं, "मच्छिंद्र, आधीचा सराव तुम्ही स्वतः लिहीत होता का?"

माइक खरखरला. मग तो म्हणाला, "मदत होती मॅडम."

"कुणाची?"

"घरच्यांची. आता त्येंना सवड न्हाई."

तिनं जास्त काही विचारलं नाही. मदतीवर परीक्षा देता येत नाही, एवढं ती म्हणाली, आणि संध्याकाळी त्याच्या दीड महिन्याच्या सरावापुढे 'दुसऱ्याकडून लिहून घेतलेले' असा शेरा टाकला. असा शेरा पडला की त्या विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेला बसता येत नसे. शुक्रवारी मच्छिंद्र तासाला आला नाही. शनिवारीही नाही.

पुढच्या बुधवारी चंदनबाई एका नात्यातल्या साखरपुड्याला गेल्या होत्या. रुचीचा नवरा रजत दुकानात. तास संपल्यावर एका मुलीनं प्रश्न पाठवला, त्याचं उत्तर लगेच द्यायला हवं होतं आणि बाळ डाव्या हातावर नुकतं झोपलं होतं. त्याला खाली ठेवलं की ते उठणार हे ठरलेलं. म्हणून रुची तशीच बसून उजव्या हातानं टाइप करायला लागली. प्रिंट हा शब्द लिहिला, पुढे कंस उघडला, आणि पडद्यावर बघितलं तर कंसाऐवजी नऊ आलेला. प्रिंटला चिकटून नऊ.

तिनं तो खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा नऊ. कंस आणि नऊ एकाच बटणावर असतात; शिफ्टचं बटण दाबून धरलं तर वरचा कंस येतो, नाही तर खालचा नऊ. शिफ्ट धरायचं तिच्या डाव्या हाताचं काम, आणि डावा हात बाळाखाली.

ती तिथंच थांबली. मग तिनं एका हातानं मच्छिंद्रचा शेवटचा मेल उघडला. उघडणाऱ्या कंसाच्या जागी नऊ. बंद होणाऱ्या कंसाच्या जागी शून्य, आणि शून्याच्या डोक्यावर तोच कंस. बेरजेच्या खाली बरोबरचं चिन्ह. गुणाकाराच्या फुलीखाली आठ. दोन टिंबांच्या खाली टिंब आणि स्वल्पविराम. वजाबाकीची आडवी रेघ आणि भागाकाराची तिरपी रेघ यांना शिफ्ट लागत नाही, आणि ती दोन्ही चिन्हं वीस ओळींत एकदाही चुकलेली नव्हती. बटणाच्या वरच्या भागावर राहणारं एकही चिन्ह त्यात नव्हतं. खालच्या भागावरची चिन्हं मात्र जागच्या जागी होती.

वेंधळा माणूस असं चुकत नाही. चाळीस वेळा वेंधळेपणा करायचा आणि चाळीसही वेळा बरोबर त्याच बटणावर बोट ठेवायचं, हे कुणाला जमतं? त्यानं प्रत्येक चिन्ह ओळखून, त्याच्या बटणावर जाऊन, ते दाबलं होतं. फक्त वर पोचला नव्हता.

रुचीनं अंगठा ताणून उजवीकडचं शिफ्ट धरलं आणि मधल्या बोटानं नऊ गाठला. जमलं, पण मनगट पिळवटलं आणि बाळ कुरकुरून जागं झालं. पाची बोटं धड असलेल्या हाताची ही गत. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि नोंदणीच्या अर्जावरचा मच्छिंद्रचा नंबर लावला.

फोन एका बाईनं उचलला. मागे वारा आणि बायांचं बोलणं. त्या सत्यशीला, मच्छिंद्रची बायको. घरात फोन एकच होता आणि दिवाळीपासून त्या अंतरवाली सराटीकडे कापूस वेचायला जात होत्या, म्हणून तो त्यांच्याजवळ असे. रुचीनं आपलं नाव सांगितलं. मग सत्यशीलाच बोलल्या.

"मॅडम, त्येनी चोरी न्हाई केली. मी निस्ती शिफ्ट दाबायची. ते म्हणायचे दाब, मी दाबायची. ते म्हणायचे सोड, मी सोडायची. बाकी मला काय कळतंय त्यातलं."

रुचीनं विचारलं, त्यांच्या हाताला काय झालंय.

"तुम्हाला सांगितलं न्हाई का त्येनी?" सत्यशीला म्हणाल्या, आणि मग सांगितलं. चार वर्षांमागे सोयाबीनच्या मळणी यंत्रात ओला पेंढा अडकला, तो ढकलताना डावा हात कोपराखाली तुटला. तो ओढून काढताना उजव्याची दोन बोटं चेंगरली, ती आता वळत नाहीत. नवरा चुलतभावाच्या दुकानात बसून शिकायचा, सुरुवातीला त्या दुपारी तिथं त्याच्याशेजारी जाऊन बसायच्या. वेचणी सुरू झाली आणि ते थांबलं. त्या घरी पोचेपर्यंत सात वाजतात, आणि सराव तर सहाच्या आत पाठवायचा असतो.

फोन ठेवल्यावर रुची बराच वेळ नुसती फिरत राहिली. चंदनबाई परत आल्या तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेही, आणि म्हणाली की उद्या फोन करून माफी मागते. चंदनबाईंनी पदराची पिन काढता काढता ऐकून घेतलं.

"चारचौघांत बोललीस ना," त्या म्हणाल्या. "मग फोनवर काय माफी मागतेस. जाऊन ये. मैं भी चलती हूं, बच्चे को कौन संभालेगा."

सत्यशीलांना फोनवर कळवून, रविवारी सकाळी दोघी बाळाला घेऊन एसटीनं निघाल्या. अंबडला गाडी बदलली. चंदनबाईंनी वाटेत शेजारच्या बाईला बाळाचं नाव, वजन आणि दात कधी येणार हे सगळं सांगून टाकलं. रुची खिडकीतून पांढऱ्या झालेल्या कापसाच्या रानाकडे बघत होती. काय बोलायचं ते तिनं तीन-चार प्रकारे मनात जुळवलं आणि प्रत्येक वेळी ते तिला स्वतःचीच बाजू मांडल्यासारखं वाटलं.

शहागडला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून धर्मराजचं दुकान होतं. धर्मराज मच्छिंद्रचा चुलतभाऊ. झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं, असं सगळं तिथं चाले. मच्छिंद्र आतल्या बाजूला बसला होता. उंच, रापलेला, पांढरा शर्ट, डावी बाही कोपराच्या खाली दुमडून पिन लावलेली. सत्यशीलांची त्या दिवशी सुट्टी होती, त्या बाकावर बसल्या होत्या. मॅडम येणार हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. तो उठला, दोन खुर्च्या सरकवल्या, धर्मराजला चहा सांगायला लावला. सगळं नीट. पण रुचीकडे त्यानं सरळ बघितलं नाही.

चहा येईपर्यंत चंदनबाई आणि सत्यशीला बाळावरून बोलत राहिल्या. रुचीनं कप खाली ठेवला. म्हणाली, "मच्छिंद्रभाऊ, माझी चूक झाली. मी विचारायला पाहिजे होतं. न विचारता मी ठरवून टाकलं, आणि तेही सगळ्यांसमोर. शेरा मी काढलाय. तुम्ही परीक्षेला बसू शकता."

एक ट्रक ब्रेक दाबत गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला.

"तुमचं बराबर हाय, मी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण ऐका. तुमच्या आधी मी एका क्लासात गेल्तो. समोरासमोरचा क्लास. तिथल्या माणसानं माझ्याकडं बघितलंच न्हाई, बाहीकडं बघितलं. म्हन्ला, तुमचं काय काम इथं, घरात दुसरं कुणी असंल तर पाठवा. मंग तुमचा सापडला. फॉर्म भरताना कुणी हात मोजत न्हाई. दीड महिना तुमच्या क्लासात मी सगळ्यांसारखा होतो मॅडम. तुम्ही माझं लिहिणं दुसऱ्यांना दाखवायच्या. मला ते सोडवंना झालं."

रुचीच्या लक्षात आलं की, तिच्या आज इथं येण्यानंही त्याच्याकडून तेच काढून घेतलं होतं. मग तिनं विचारलं, नऊ आणि शून्य का लिहिले, जागा मोकळी का नाही सोडली.

"मला वाटलं, बटण तेच हाय, तुम्हाला कळंल."

"मला नऊ दिवस लागले," ती म्हणाली.

यावर तो किंचित हसला, पहिल्यांदाच तिच्याकडे बघून. मग त्यानं आपण काय काय करून बघितलं ते सांगितलं. धर्मराजला शिफ्ट दाबायला सांगायचो, पण गिऱ्हाईक आलं की तो अर्ध्यात उठायचा, आणि रोज त्याच्या तोंडाकडं बघणं बरं वाटायचं नाही. रात्री सत्यशीला घरी आली की घरच्या फोनवर लिहून बघितलं, पण तिथून आणताना ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मोडायच्या, आणि त्या मोडल्या की प्रोग्रॅम आणखीच बिघडायचा. एकदा चिडून शिफ्टचं बटण नुसतं बडवलं, तर पडद्यावर एक चौकट आली.

"कसली चौकट?"

तिच्यावरचं इंग्रजी त्याला वाचता आलं नव्हतं. धर्मराज म्हणाला व्हायरस असंल, नको म्हणून टाक. तेव्हापासून ती चौकट आली की तो लगेच नको म्हणायचा.

ती चौकट रुचीनं शेकडो वेळा बघितली होती. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती येते. वर्गातली पोरं वैतागून ती बंद करतात, तीही करायची. ती कशासाठी आहे हे तिला माहीत होतं, शिकवतानाही एकदा तिनं ते घाईघाईत सांगितलं होतं, पण तिची गरज असलेलं माणूस तिला कधी भेटलं नव्हतं.

तिनं दुकानातला लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "शिफ्ट पाच वेळा दाबा. चौकट आली की हो म्हणा."

त्यानं दाबलं. हो म्हटलं.

"आता शिफ्ट एकदा दाबा आणि सोडून द्या. धरायचं नाही. मग नऊ दाबा."

त्यानं तर्जनीनं शिफ्ट दाबलं, बोट उचललं, वर नेलं आणि नऊ दाबला. पडद्यावर कंस उघडला.

त्यानं पडद्याकडे वाकून बघितलं. पुन्हा केलं. आणखी एक कंस. मग शून्य, तर बंद होणारा. मग बेरीज, गुणाकार, दोन टिंबं. त्यानं एक पूर्ण ओळ चिन्हांनीच भरली, जिला काही अर्थ नव्हता, आणि मग सगळी एकदम पुसून टाकली. सत्यशीला बाकावरून उठून त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"धरून ठेवायचं काम आता ते मशीनच करतंय?" त्यांनी विचारलं.

रुची हो म्हणाली. सत्यशीलांनी मान हलवली. त्यांची बोटं कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेली होती, ती त्यांनी पदरात घेतली. बरं झालं, असं त्या म्हणाल्या. पण दीड महिना रोजची दुपार त्या इथं बसत होत्या, आणि बोलताना त्यांचा आवाज जरासा पडला, तो चंदनबाईंनी ऐकला. त्यांनी बाळ उचलून सत्यशीलांच्या हातात दिलं.

मग कॅल्क्युलेटर उघडला. रुचीनं ठरवलं होतं की आपण बटणाला हात लावायचा नाही. मच्छिंद्र पहिल्या ओळीपासून निघाला. नऊ पुसायचा, शिफ्ट, सोडायचं, नऊ. शून्य पुसायचा, शिफ्ट, सोडायचं, शून्य. एकेक ओळ सुधारत होती. वेळ लागत होता. धर्मराजकडे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. चौथ्या ओळीवरून तो पुढे निघाला तेव्हा बाळाला थोपटत उभ्या असलेल्या सत्यशीला म्हणाल्या, "एक कंस बंद करायचा राह्यला. दोन उघडले, एकच मिटला."

रुचीनं वळून बघितलं. तुम्हाला यातलं कळत नाही म्हणालात ना, असं तिनं विचारलं. सत्यशीला लाजल्या. सातवीपर्यंत शाळा झाली आहे, म्हणाल्या. बाकी काय लिहिलंय ते माहीत नाही, पण जितके उघडतात तितके मिटतात, हे दाबून दाबून कळलं. रुचीनं विचारलं, पुढच्या तुकडीत याल का. त्या म्हणाल्या, वेचणी संपू द्या, मग बघू.

विसाव्या ओळीपर्यंत सगळी चिन्हं आपापल्या जागी बसली. मच्छिंद्रनं प्रोग्रॅम चालवला. लाल अक्षरं आली.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं रुचीकडे बघितलं. तिला चूक दिसली होती, पण तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, सगळं पुन्हा वाचा, प्रत्येक ओळ संगणकाला काय सांगते ते तोंडानं म्हणा. तो हळूहळू वाचत गेला. पहिला आकडा विचार. दुसरा विचार. चिन्ह विचार. मग बेरजेच्या ओळीवर आला आणि अडला. पुन्हा वाचली. संगणकाला विचारायचं होतं की दिलेलं चिन्ह बेरजेचं आहे का. तसं विचारताना बरोबरचं चिन्ह दोनदा लागोपाठ लिहावं लागतं. एकदाच लिहिलं की तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो. मच्छिंद्रनं एकदाच लिहिलं होतं.

"हितं म्या विचारलंच न्हाई," तो म्हणाला. "सरळ ठरवून टाकलं."

तो हे बोलला तेव्हा त्याच्या मनात प्रोग्रॅमच होता. पण रुचीचे कान तापले.

मग त्याच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. त्यानं बटणाकडे बघितलं. बरोबरच्या चिन्हाला शिफ्ट लागत नाही. ते खालीच असतं, एका बोटाखाली, कुणाच्याही मदतीशिवाय.

"म्हंजे ही चूक हाताची न्हाई," तो म्हणाला. "ही माझी हाय."

आणि तो हसला, मोठ्यानं, मान मागे टाकून. धर्मराज काय झालं म्हणून डोकावला. सत्यशीला तर बघतच राहिल्या, कारण मळणीच्या त्या दिवसापासून त्यांनी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. चार वर्षं जे काही बिघडायचं, सांडायचं, राहून जायचं, ते सगळं हाताच्या नावावर जमा व्हायचं. लोक म्हणायचे जाऊ द्या, त्याला हात नाही. इथं मात्र एक अशी चूक निघाली होती, जी शिकणारा कुणीही करतो.

त्यानं दुसरं बरोबरचं चिन्ह घातलं. मग वजाबाकीच्या ओळीत. मग गुणाकाराच्या, मग भागाकाराच्या, कारण चारी ठिकाणी तीच चूक होती. पुन्हा चालवलं. पडद्यावर पहिला आकडा विचारला गेला. मच्छिंद्र सत्यशीलांना म्हणाला, सांग एखादा. त्यांनी काल वेचलेल्या कापसाचे किलो सांगितले, अठ्ठावीस. दुसरा परवाचा, एकतीस. बेरीज एकोणसाठ आली.

निघताना रुचीनं त्याला विचारलं की उद्या तासाला मी सगळ्यांना काय सांगू. हाताचं सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तो दाराच्या चौकटीला टेकून विचार करत राहिला. "एवढंच सांगा, की ती चोरी नव्हती," तो म्हणाला. "बाकीचं मला वाटलं तर मी सांगन."

एसटीत बसल्यावर चंदनबाई बाळाच्या टोपीची नाडी बांधत म्हणाल्या की ती बाई हुशार आहे, तिच्या मागे लाग. रुचीनं मान डोलावली.

सोमवारी तीन वाजता तास सुरू झाला. पंधरापैकी पंधरा जण आले होते. रुचीनं हजेरी घेतली नाही. तिनं सांगितलं की दहा-बारा दिवसांमागे मी मच्छिंद्रभाऊंचा सराव सगळ्यांसमोर लावला आणि त्यांनी तो दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचं ठरवलं. ते खोटं होतं. त्यांनी प्रत्येक ओळ स्वतः लिहिली होती, आणि चूक माझी होती. मी त्यांना न विचारता बोलले. एवढं सांगून ती थांबली. हे कशामुळे झालं ते कुणी विचारलं नाही. पडद्याच्या कडेनं काहीच तरंगत वर गेलं नाही. एक मुलगा म्हणाला, "सॉरी सर." मच्छिंद्रला सर म्हणणारा तो पहिलाच.

मग तिनं त्याला कॅल्क्युलेटर दाखवायला सांगितलं. त्याचा कॅमेरा आजही बंदच होता. त्यानं आपला पडदा सगळ्यांना दिसेल असा लावला आणि आकडे मागितले. पोरांनी ओरडून ओरडून आकडे दिले. बेरीज झाली, गुणाकार झाला, सात आकडी उत्तर आलं तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली. मग एका मुलीनं खोडसाळपणे म्हटलं, शंभराला शून्यानं भागा.

मच्छिंद्रनं भागलं. प्रोग्रॅम कोसळला. पडदाभर लाल अक्षरं.

सगळे हसले, आणि हायवेच्या आवाजात त्याचंही हसू मिसळलेलं ऐकू आलं. रुची समजावून सांगायला लागली की ही व्याकरणाची चूक नाही, ओळी सगळ्या बरोबर आहेत, पण शून्यानं भागायची वेळ आली तर काय करायचं हे आपण संगणकाला सांगितलेलंच नाही. ते कसं सांगायचं, तर—

"मॅडम, थांबा," मच्छिंद्र म्हणाला. "कुणी सांगू नका. मी करून राह्यलो."

रुची गप्प बसली. तुकडीही गप्प बसली. पडद्यावर भागाकाराच्या ओळीच्या वर एक नवी मोकळी ओळ तयार झाली, आणि माइकमधून बटणांचा आवाज यायला लागला. सावकाश, एका वेळी एक.